गजर लावून खाल्लं, तरी काटा हलेना

ताई,
मी 43 वर्षांची आहे. उंची 158 सेंटीमीटर, काम दिवसभर खुर्चीत बसून. पाच महिन्यांपूर्वी वजन 76 किलो होतं, तेव्हा 'दर अडीच तासांनी थोडं थोडं खा' असा आहार सुरू केला. दिवसातून सहा वेळा खायचं आणि प्रत्येक वेळी 250 कॅलरींच्या आसपास, असं ठरलं होतं. फोनवर सहा गजर लावले. पहिल्या महिन्यात अडीच किलो उतरलं, मग थांबलं आणि आता एक किलो परत वाढलंय. मी सहसा गजर चुकवत नाही. मागच्या आठवड्यात मीटिंग चालू असताना गजर झाला, तर बाहेर येऊन जिन्यात उभ्याउभ्या डबा खाल्ला. एखादं खाणं चुकलंच तर सगळा दिवस वाया गेला असं वाटतं आणि मग रात्री हाताला लागेल ते खाते. मैत्रीण म्हणते, सहा वेळा खाणं सोड, दोनच वेळा जेव. माझी मोठी बहीण मधुमेहासाठी इन्सुलिन घेते, तीही माझ्याबरोबर दोन जेवणांवर यायचं म्हणतेय. माझं चयापचय बिघडलंय का? की मीच कुठे कमी पडतेय? सोबत दोन आठवड्यांची वही पाठवतेय.
– गजराला कंटाळलेली

उत्तर

आधी तुमच्या बहिणीबद्दल, कारण त्यात उशीर नको. त्यांना आजच फोन करा आणि सांगा की डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही जेवण कमी करायचं नाही. इन्सुलिनचा डोस ठरवताना माणूस कधी आणि किती जेवतो हे धरलेलं असतं. डोस तोच राहिला आणि जेवण मात्र गाळलं, तर रक्तातली साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, काही सुचेनासं होतं आणि वेळेवर साखर पोटात गेली नाही तर माणूस बेशुद्धही पडतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. मधुमेह असलेल्यांनी जेवणाच्या वेळा बदलूच नयेत असं मी म्हणत नाही. पण आधी औषधाचा विचार, मग जेवणाचा, हा क्रम सोडायचा नाही आणि औषधाचा तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

आता तुमच्याबद्दल. वही मी दोनदा वाचली. तुम्ही कमी पडलेला नाहीत. पाच महिने, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, घड्याळाबरहुकूम खाणं हे फार कष्टाचं काम आहे आणि ते तुम्ही केलंत. चयापचय बिघडल्याचंही कुठलं लक्षण मला त्या वहीत दिसत नाही. तरीही काटा का थांबला, याचं उत्तर मात्र त्या वहीतच आहे.

पहिल्या महिन्यातले अडीच किलो म्हणजे सगळी चरबी नव्हती. खाणं कमी झालं की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरू लागतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही बाहेर पडतं. म्हणून कुठलाही आहार सुरू केला की पहिले दोन-तीन आठवडे काटा भराभर उतरतो आणि मग अडखळतो. हे ठाऊक नसलं की माणसाला वाटतं, आधी जमत होतं आणि आता माझं काहीतरी चुकतंय. परत वाढलेल्या एका किलोतही थोडं पाणीच असणार.

'भट्टी पेटती ठेवायची तर दर दोन-अडीच तासांनी तिच्यात काहीतरी टाकत राहा', असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. मीही बरीच वर्षं लोकांना हेच सांगत आले. ते चुकीचं होतं. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्च करतं हे खरं आहे. मिश्र आहारात हा खर्च खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण 10 टक्के असतो. आता हिशोब करून बघा. 250 कॅलरींची सहा खाणी म्हणजे प्रत्येकी 25, एकूण 150. 500 कॅलरींची तीन जेवणं म्हणजे प्रत्येकी 50, एकूण तेवढेच 150. घास कितीही वेळा वाटून घेतले तरी बेरीज बदलत नाही. ती बदलते ताटात काय आहे त्यावरून, कारण प्रथिनं पचवायला त्यांच्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च होतात, कर्बोदकांना 5 ते 10 टक्के आणि चरबीला जेमतेम 3 टक्क्यांपर्यंत. आणि चार तास पोट रिकामं राहिलं की शरीर घाबरून खर्च बंद करतं, हेही खरं नाही. रोज रात्री तुम्ही नऊ-दहा तास काही खात नाही. तरी हृदय, मेंदू, यकृत आपापलं काम करतच असतात ना?

मग हा समज आला कुठून? 1964 मध्ये प्रागमधल्या पावेल फाब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापली. दिवसातून कमी वेळा जेवणाऱ्या पुरुषांमध्ये जास्त वजन आणि जास्त कोलेस्टेरॉल अधिक आढळलं होतं. त्यावरून 'जास्त वेळा खा, बारीक व्हा' इथपर्यंत मजल गेली. पण अशा पाहणीत मोठा धोका असतो. वजन वाढलेली माणसं ते कमी करायचं म्हणूनच जेवण गाळतात, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे उलटंही असू शकतं. शिवाय अधलंमधलं खाल्लेलं नोंदवायचं राहून जातं. पुढे लोकांना मोजूनमापून खायला दिलं, तेव्हा चित्र बदललं. 2010 मध्ये कॅनडातल्या ऑटावा विद्यापीठात 16 लठ्ठ स्त्री-पुरुषांना आठ आठवडे सारख्याच कॅलरी दिल्या. काहींना तीन जेवणांत, काहींना तीन जेवणं आणि तीन अल्पोपाहारांत. दोन्हीकडे वजन सारखंच उतरलं.

आता वहीकडे येऊ. खरी गोम तिथे आहे. तुमचं वय, उंची, वजन आणि बैठं काम धरलं तर आहे ते वजन टिकवायला दिवसाला साधारण 1900 कॅलरी लागतात, असा अंदाज निघतो. आहारात ठरल्या होत्या 1500. म्हणजे रोजची तूट 400 ची. साडेनऊच्या रकान्यात तुम्ही बहुतेक दिवस 'मूठभर बदाम' लिहिलंय. 30 ग्रॅम बदामांत पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि मूठ जरा सैल धरली तर 45 ग्रॅमही सहज मावतात. अडीचच्या रकान्यात फळ आहे आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'कॉफी'. त्या कॉफीतल्या दुधासाखरेचा हिशोब कुठेच नाही. भाजीत 'तेल थोडंसं' आहे, पण एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. दोन ठिकाणी 'लेकीच्या ताटातलं उरलेलं' असं लिहून पुढे आकडाच टाकलेला नाही. यातली एकही गोष्ट मोठी नाही. पण दर खेपेला 65-70 कॅलरी जास्त गेल्या आणि अशा सहा खेपा झाल्या, की 400 होतात. तुमची सगळी तूट एवढ्यात भरून निघाली.

थोडं थोडं खाण्याच्या आहारातली हीच अडचण मला सर्वांत मोठी वाटते. अंदाज चुकायची संधी दिवसातून सहा वेळा येते. शिवाय खाणं इतकं छोटं असतं की ते मोजावंसंही वाटत नाही. एखादं पूर्ण जेवण आपण ताटात वाढून घेतो, समोर ठेवतो, संपलं की संपलं. छोटं खाणं बहुतेकदा डब्यातून, पाकिटातून, उभ्याउभ्या, स्क्रीनकडे बघत होतं आणि ते कधी सुरू झालं, कधी संपलं हे कळतही नाही.

हे तुमच्या एकटीचंच होतं असं मुळीच नाही. 1992 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कमधला एक अभ्यास छापून आला. 1200 कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या लोकांचा तो होता. चयापचय मंदावलंय अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्ष मोजल्यावर त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेप्रमाणेच निघाला. खाल्लेलं मात्र त्यांनी सरासरी 47 टक्के कमी नोंदवलं होतं. ही माणसं लबाड नव्हती. नुसत्या नजरेने अन्न मोजणं आपल्याला जमत नाही, आणि वजनाची काळजी असलेल्याला तर ते अधिकच अवघड जातं.

वहीत आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे, पण बहुधा तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. 14 पैकी 11 दिवस साडेनऊच्या पुढे शेरा आहे, 'भूक नव्हती, गजर झाला म्हणून खाल्लं.' आणि संध्याकाळच्या पुढे जवळजवळ रोज, 'पोटात कावळे.' म्हणजे भूक नसताना खाल्लं आणि भूक असताना 250 कॅलरींवर हात आखडता घेतला. दिवसातून सहा वेळा अर्धपोटी उठायचं, हे किती जणांना झेपेल? 2013 मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी 15 जणांना सारखंच अन्न एकदा तीन वेळांत आणि एकदा सहा वेळांत विभागून दिलं. 24 तासांत जळलेली चरबी दोन्ही वेळा सारखीच होती. भूक आणि खाण्याची इच्छा मात्र सहा वेळा खाताना जास्त होती.

मग हे सगळंच फेकून द्यायचं का? नाही. या आहारातली एक गोष्ट मोलाची आहे आणि ती मला तुमच्याकडून सुटायला नकोय. ती म्हणजे ठरलेली वेळ. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये 2005 च्या सुमारास एक छोटा, पण नीट बेतलेला प्रयोग झाला. दहा लठ्ठ स्त्रियांनी दोन आठवडे रोज ठरलेल्या सहा वेळांना खाल्लं आणि दुसरे दोन आठवडे कधी तीनदा, कधी नऊदा, असं अनियमित. नियमित खाण्याच्या काळात त्यांच्या पोटात कमी कॅलरी गेल्या, खाल्ल्यानंतरचा ऊर्जाखर्च जास्त राहिला, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल आणि जेवणानंतरचं इन्सुलिन कमी राहिलं. दोन्ही काळांत खेपांची सरासरी सहाच होती, म्हणजे फरक पडला तो नियमितपणाने. दहाच जणींचा प्रयोग आहे, त्यावर मी डोंगर उभा करणार नाही. पण त्यामागचं शरीरशास्त्र पटण्यासारखं आहे. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं, भूक जागवणारं संप्रेरक शोधून काढलं. पोटातून स्रवणारं हे संप्रेरक आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं आणि जेवलं की उतरतं. शरीर तुमचं घड्याळ शिकतं. वेळ रोज बदलली तर भूकही वाटेल तेव्हा लागते.

यातून तुमच्या मैत्रिणीच्या सल्ल्याचंही उत्तर मिळतं. दोन जेवणांच्या बाजूने पुरावा नाही असं नाही. 2014 मध्ये प्रागमध्येच टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांवर प्रयोग झाला. तेवढ्याच कॅलरी सकाळ आणि दुपारच्या दोन मोठ्या जेवणांत घेताना 12 आठवड्यांत सरासरी 3.7 किलो वजन उतरलं, सहा छोट्या खाण्यांत 2.3 किलो. पण ती माणसं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती आणि रात्रीचं जेवण त्यांनी सोडलं होतं. तुमचं एक खाणं चुकलं तरी रात्री तोल जातो, असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी दुपारनंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी खाणं ही तुमच्यासाठी मोठी जोखीम आहे. ज्यांना ते सहज जमतं त्यांनी जरूर करावं. तुम्ही मात्र आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

(जाता जाता: थोडं थोडं, वारंवार खाणं काही जणांना खरंच लागतं. जठराची शस्त्रक्रिया झालेले, जठर मंद रिकामं होणारे, गरोदरपणात उलट्यांनी बेजार झालेल्या. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर माझं वाचून ते थांबवू नका.)

तर तुम्ही आता चार वेळा खा. सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ. अर्धा तास मागेपुढे झालं तरी ती वेळ पाळलीच असं धरा. कॅलरी ढोबळमानाने 400, 450, 250 आणि 400. साडेनऊचं आणि अडीचचं खाणं गेलं, त्याची कसर उरलेल्या जेवणांनी भरून काढली, म्हणजे निदान तीनदा तरी तुम्ही पोट भरून उठाल. तीन मुख्य जेवणांत प्रत्येकी 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असू द्या: कडधान्यं, अंडी, दूध-दही, मासे, जे तुम्ही खात असाल ते. तुमच्या वहीत सकाळी आणि दुपारी मिळून जेमतेम 20 ग्रॅम भरतात. संध्याकाळचे कावळे त्यामुळेही ओरडतात. निम्मं ताट भाज्यांचं ठेवा. त्याने ताट भरतं, कॅलरी फारशा वाढत नाहीत.

पहिला आठवडा साडेनऊला आणि अडीचला भूक लागल्यासारखं वाटेल. पाच महिन्यांची सवय आहे, घ्रेलिन आपल्या वेळेवर हजर होणारच. पाणी प्या, थोडं उठून फिरा. ही लाट वीस-पंचवीस मिनिटांत बहुधा ओसरते आणि हळूहळू येईनाशी होते. कॉफी हवी तर घ्या, फक्त ती साडेबारा किंवा पाचच्या खाण्याबरोबर घ्या आणि हिशोबात धरा.

सहापैकी पाच गजर काढून टाका. संध्याकाळी पाचचा एक ठेवा. तुमचा दिवस घसरतो तो तिथून. काम लांबतं, पाचचं खाणं राहतं आणि त्याचं उट्टं रात्री निघतं. मीटिंग चालू असेल तर गजर बंद करा आणि मीटिंग संपल्यावर खुर्चीत बसून खा. साडेपाचला खाल्लं म्हणून काहीही बिघडत नाही. जिन्यात उभं राहून घाईने गिळणं आता पुरे.

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर दोन आठवडे फक्त चार गोष्टी मोजा: तेल, साखर, सुकामेवा आणि शिजवायच्या आधीचं धान्य. सगळं मोजायला जाऊ नका, आठ दिवसांत वैतागाल. दोन आठवड्यांत डोळ्यांना माप कळलं की काटा कपाटात ठेवून द्या.

वजन रोज सकाळी एकाच वेळी घेतलंत तर उत्तम, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाण्यामुळेच किलोभर वाढलेलं दिसू शकतं. 400 कॅलरींची तूट खरोखर टिकली, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण 350 ग्रॅम उतरेल. वजन उतरेल तशी शरीराची गरजही कमी होते, त्यामुळे पुढे हा वेग मंदावणार. तो मंदावला म्हणजे काही बिघडलं असं समजू नका. तुमचं 5 टक्के वजन म्हणजे पावणेचार किलो. तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारते. बहिणीला मधुमेह आहे म्हणून तुमचीही एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ही तपासणी एकदा करून घ्या आणि सोबत थायरॉइडसाठीची टीएसएचही. चयापचयाची शंका मनातून काढायला थायरॉइडची तपासणी हाच सरळ मार्ग आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. 'हाताला लागेल ते खाते' असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. वहीत त्या रात्रींच्या जागा कोऱ्या आहेत. दोन आठवड्यांत अशा तीन रात्री. कोऱ्या जागांबद्दल माझ्यापाशी लाजायचं काही कारण नाही. एखादं खाणं चुकलं तर करायचं इतकंच, की पुढचं त्याच्या वेळेवर आणि नेहमीच्याच मापात घ्यायचं. चुकलेलं भरून काढायचं नाही आणि शिक्षा म्हणून पुढचं कमीही करायचं नाही. चार वेळा पोटभर खाऊन या रात्री आपोआप थांबतील, अशी मला बरीच आशा आहे. कडक नियम आणि दिवसभराची अर्धवट भूक यांतून त्या अनेकदा जन्माला येतात.

पण महिनाभर असं नीट खाऊनही त्या थांबल्या नाहीत, खाताना आपला आपल्यावर ताबा उरत नाही असं वाटत राहिलं, खाल्ल्यावर स्वतःची किळस येऊ लागली, तर तो आहाराचा प्रश्न राहत नाही. आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असं चालू राहिलं, तर त्याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तेव्हा माझ्याकडे नवा आहार मागू नका. वजनाचा विषय बाजूला ठेवा, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि त्या कोऱ्या जागा भरून ही वही त्यांना दाखवा.